घरातली सात मतं

आमच्या गावाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे गाव कधी निवडणूक हरत नाही. उमेदवार हरतात, पक्ष आडवे होतात, कुणाकुणाची अनामत रक्कम जाते. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन विचारा, पडलेल्याला मत दिलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. सगळ्यांनी म्हणे निवडून आलेल्यालाच दिलेलं असतं. मग पडलेल्याची मतं काय भुतांनी येऊन दिली?

मी जवळा बाजारची लेक. लग्न होऊन सेनगाव तालुक्यातल्या ह्या गावात आले त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. गाव बाजाराचं, ना धड खेडं, ना धड शहर. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. एरवी ब्लाऊज आणि फॉल-पिको, आणि निवडणूक आली की गमछे. सगळ्या रंगांच्या गमछ्यांना काठ मारायला माझ्याकडेच येतात. मधल्या काळात एका पक्षाचे दोन झाले, मग दुसऱ्याचेही दोन झाले, आणि माझं काम दुप्पट वाढलं. गमछे बदलले, पण ते घालणाऱ्या माना त्याच. एकाच माणसाला मी एका वर्षात तीन रंगांचे गमछे शिवून दिलेत, आणि प्रत्येक वेळी तो मला तेवढ्याच तळमळीनं सांगत होता की वैनी, आपण तत्त्वाचे माणूस.

आमच्याकडे उमेदवार कसा आहे हे कुणी विचारत नाही. विचारतात, "कोण येऊन राहिलं?" जो येणार त्याला मत द्यायचं. न येणाऱ्याला दिलं तर मत वाया गेलं म्हणतात, जसं काही दूध उतू गेलं. आता सगळेच जर येणाऱ्याला मत देणार, तर येणारा ठरवायचा कुणी? तर ज्याच्या गाड्या जास्त फिरतात आणि ज्याचा भोंगा मोठा, तो येणारा. एवढी ह्यांची अक्कल. आणि तरी हेच लोक हॉटेलात पायावर पाय टाकून तांड्याबद्दल बोलणार, "त्यायचं काय, नाईक म्हणल तिकडं." मुसलमान वस्तीबद्दल बोलणार, "गठ्ठा मत हाय ते." आणि स्वतःबद्दल? "आपण इचार करून देतो."

आमच्या सासऱ्यांचंही हेच म्हणणं. त्यांचा विचार कसा चालतो ते आता सांगते.

लग्नानंतरची माझी पहिली निवडणूक. सकाळी सासरे ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मला हाक मारली आणि म्हणाले, "सूनबाई, तुझं मत छत्रीला." तू भाकरी टाक, तू पाणी भर, असं काम सांगावं तसं. मी नवी होते, पण तोंड जुनंच होतं. विचारलं, "काहून मामा?" सासूनं मागून पदर ओढला. सासरे मात्र चिडले नाहीत. लेकराला समजावावं तसं म्हणाले, "आपल्या घराचं कोणासंग वाकडं न्हाई पायजे. निम्मी मतं इकडं, निम्मी तिकडं. कोणीबी आलं तरी आपण त्याचेच."

ह्याला आमच्या घरात वाटणी म्हणतात. आमच्याच काय, गावातल्या बऱ्याच घरांत ही पद्धत आहे. घरातला म्हातारा मतं वाटतो आणि प्रत्येक उमेदवाराला तोंडावर आकडा सांगतो, "तुमाला आमची तीन." त्यात लबाडी नसते, तीन म्हणजे तीनच. त्यामुळे आमचे सासरे शब्दाचे माणूस म्हणून गावात ओळखले जातात. वाटणीत एक बारकी खुबी असते, ती मला दोन-तीन निवडणुकांनंतर कळली. ज्याचं पारडं जड, त्याला घरातल्या पुरुषांची मतं जातात. पडणाऱ्याला बायकांची. भाजीवाला वरून चार काड्या कोथिंबीर टाकतो ना, तशी आमची मतं.

आत गेल्यावर मी कुठलं बटन दाबते, हे मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सुनेनं सांगितल्यापेक्षा वेगळं केलं असेल, ही शंकाच त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही.

माझ्यानंतर काही वर्षांनी धाकटी आली. धाकट्या दिराची बायको, पुसेगावची. बारावी झालेली, बोलायला कमी. मला आक्का म्हणायची. माझ्यासारखी तोंडाळ नव्हती म्हणून मला वाटायचं, ही ह्या घरात सुखानं नांदेल. माझा मुलगा अठराचा झाला तेव्हा घरात सात मतं झाली: सासरे, सासू, माझा नवरा, मी, दीर, धाकटी आणि मुलगा. सासऱ्यांना केवढा आनंद! त्यांना वाटायला एक जास्तीचं मिळालं.

आता बाजाराचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमचा आठवडी बाजार मोठा. तांड्यावरच्या बाया भाजी घेऊन येतात, आजूबाजूच्या गावांतून शेंगा, मिरच्या, अंडी घेऊन बाया येतात. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बसून असतात. आणि तेवढ्या मोठ्या बाजारतळावर बायकांना लघवीला जायला जागा नाही. गडीमाणसांचं काही अडत नाही. त्यांना पंचायतीची भिंत आहे, ट्रान्सफॉर्मरचा खांब आहे, आणि 'येथे लघवी करू नये' अशी पाटी जिथं लावली आहे तिथं तर हमखास उभे राहतात. बाया काय करतात? सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत.

बाजारात एक चाची बांगड्या विकायला बसते. तिच्या सासूच्या सासूपासून ह्या गावच्या बायकांच्या हातात त्याच घरच्या बांगड्या. एका उन्हाळ्यात धाकटीच्या हातात बांगड्या भरता भरता चाचीचे डोळे फिरले आणि ती टोपलीवरच कलंडली. धाकटीनं आणि भाजीवाल्या बाईनं तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, लघवीच्या जागी संसर्ग झाला आहे, आधीही झालेला दिसतो, पाणी भरपूर पीत जा. चाची त्याच्याकडे बघून नुसती हसली. धाकटीला म्हणाली, "पानी पीके जाऊँ कहाँ, बेटी?"

त्या संध्याकाळी धाकटी माझ्या मशीनपाशी येऊन बसली. खाली पडलेल्या चिंध्या गोळा केल्या. मग म्हणाली, "आक्का, बाजारात बायांसाठी मुतारी पायजे."

माझ्या हातातली कात्री थांबली. आमच्या घरात बाईच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता. आम्ही 'बाहेर जाऊन येते' म्हणतो. पुरुषांना बोलता बोलता आयाबहिणींचा उद्धार केला तरी चालतो, पण बाईनं मुतारी म्हटलं की ओट्यावरच्यांचे कान जळतात.

पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी सुटली. त्या दिवशी गावातल्या निम्म्या नवऱ्यांना आपल्याला बायको आहे ह्याची आठवण झाली. स्टँडजवळ एक कृषी केंद्र आहे, त्याच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी बायकोचा अर्ज भरला. आणि आमच्या घरात धाकटी म्हणाली, "म्या उभी राहते."

दीर हसला. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी डोकं चालवलं. घरची सून उभी राहिली तर चार लोक घरी येतील, मान मिळेल, आणि अर्ज मागं घ्यायच्या दिवशी कृषी केंद्रवाला हात जोडायला येईलच. "उभी राहू द्या, मंग पाहू," म्हणाले. अर्ज मागं घ्यायचा दिवस आला, कृषी केंद्रवालाही आला, सासऱ्यांनी हाक मारली. आणि धाकटी बाजूच्या बोळातून निसटून तांड्यावर गेली ती वेळ टळून गेल्यावरच परतली. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

तिला कपबशी मिळाली आणि समोरच्या बाईला कपाट. समोरची बाई म्हणजे नावाला. कपाटाच्या बॅनरवर तिचा नवरा काळा चष्मा लावून भलामोठा, आणि ती कोपऱ्यात, डोक्यावरून पदर, रेशनकार्डावर असतो तेवढा फोटो. प्रचारात ती एकदाही दिसली नाही. तिला विचारून अर्ज भरला होता की नाही, देव जाणे.

धाकटी आणि मी घरोघर फिरलो. ती सगळीकडे एकच गोष्ट बोलायची, "बाजारात बायांसाठी मुतारी बांधून घेईन." रस्ते म्हटली नाही, विकास म्हटली नाही. निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्या गल्लीत राहतात, ते घरी येऊन म्हणाले, "सूनबाई, स्वच्छतागृह म्हणत जा. सभ्य वाटतं." धाकटी खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, लघवी लागते. स्वच्छता लागत न्हाई." गुरुजींनी चहा अर्धा टाकला.

दोन दिवसांत गावानं तिला मुतारीवाली करून टाकलं. पानटपरीवरची टवाळ पोरं ती दिसली की नाक धरायची. शिकलीसवरली, सदरे इस्त्री केलेली पोरं! ह्यांच्या आया बाजारात दिवसभर पाणी न पिता बसतात, तेव्हा ह्यांच्या सदऱ्याला इस्त्री होते.

पण मी बायकांचीही बाजू घेणार नाही. दारादारांत बाया आमचा हात धरून हळूच सांगायच्या, "लई चांगलं काम धरलंय माय. मत तुलाच." आणि त्याच्यापुढं एक 'पण' यायचा. पण तू येत न्हाई म्हणतेत. पण मत वाया जाईल. एक मिरच्या विकणारी, बाजारात जन्म गेला बिचारीचा, ती म्हणाली, "मालकाला इचारून सांगते." माझा तोल गेला. म्हटलं, "लघवीला जायचं बी मालकाला इचारून जातीस काय गं?" ती रडायला लागली. धाकटीनं मला दटावलं, "आक्का, मतं मागायला आलोत आपण, भांडायला न्हाई." मला मात्र रडणाऱ्या बाईची कीव आली नाही, रागच आला. आजही येतो.

इकडं कृषी केंद्रवाल्यानं गड्यांना महादेवाच्या देवळात नेऊन बेल-भंडार उचलायला लावला. आमच्याकडे ह्या शपथेला फार मान. बापाला वृद्धापकाळी भाकर न घालणारा माणूसही बेल-भंडाराची शपथ मोडत नाही. दुसऱ्या वॉर्डातल्या काही बहाद्दरांनी तर तिथल्या दोन्ही उमेदवारांचा बेल-भंडार उचलला होता, आणि आता काय करावं म्हणून पुजाऱ्याला तोड विचारत हिंडत होते.

मतदानाच्या आदल्या सकाळी सासरे ओट्यावर बसले. वाटणीची वेळ. मला वाटलं, ह्या खेपेला वाटणी कसली? घरची बाई उभी आहे. सातच्या सात तिलाच जाणार, म्हातारा फक्त तोंडानं म्हणेल.

सासरे म्हणाले, "कपबशीला चार. कपाटाला तीन."

धाकटी आत परातीत पीठ मळत होती. तशीच भरल्या हातानं दारात आली. "मामा, घरची मतं बी?"

"आगं, तू घरची हायेस," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, समजूतच होती. "पडलीस तरी घरातच राहणार. तो बाहेरचा हाय. त्यानं येऊन हात जोडले. त्याला नाराज करून कसं जमंल? उद्या काम पडतं माणसाचं."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी लिहू शकते, पण सासऱ्यांच्या वयाचा मान ठेवते. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्याचं मत कपबशीच्या चारांत पडलं होतं म्हणून तो निवांत होता. उगाच त्याचं कौतुक नको. वाटणीत कपाट आलं असतं तर त्यानं कपाटाला दिलं असतं. माझा मुलगा आणि सासूही कपबशीत. कपाटाच्या वाट्याला सासरे स्वतः आणि मी.

"आन् तिसरं कोणाचं?" धाकटीनं विचारलं.

"ते तुला काय करायचं? म्या पाहतो," सासरे म्हणाले.

धाकटीचा नवरा, म्हणजे माझा दीर, खांबाला टेकून उभा होता. "बाबा म्हणतेत ते बराबर हाय," एवढं म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला. तिसरं मत कुणाचं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण असं कुणाच्या मनात तरी येईल काय? मला वाटलं, दीर तर बायकोलाच देणार, आयत्या वेळी सासरे माझ्या नवऱ्याला इकडून तिकडं ढकलतील.

मतदानाला शाळेत रांग होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. दीर भल्या सकाळीच बाहेर पडला होता. तांड्यावरची मतं आणायला जातो म्हणाला. मी आत गेले, कपबशीसमोरचं बटन दाबलं आणि मशीनचा तो लांब आवाज शेवटपर्यंत ऐकूनच बाहेर आले.

मोजणी सेनगावला झाली. आम्ही दोघी जीपमध्ये बसून गेलो. आमच्या वॉर्डाचा आकडा जाहीर झाला. धाकटी दोन मतांनी पडली.

परत येताना ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "आक्का, दोन म्हणजे लई झाले गं. एवढ्या बायांनी दिलं." मला तिच्या त्या समाधानाचाही राग आला.

दुपारपासून बाया येऊ लागल्या. एकेक जण पदरानं डोळे टिपत सांगायची, "म्या तर तुलाच दिलं माय, लेकराची आन." आल्या तेवढ्या सगळ्यांनी खरंच दिलं असतं तर धाकटी आमदार झाली असती. त्याच वेळी ह्यांचे नवरे हॉटेलात शपथेवर सांगत होते की आमच्या घरची सगळी मतं कपाटालाच.

संध्याकाळी डीजे वाजत आला आणि आमच्या दारापुढं थांबला. कृषी केंद्रवाला गुलालानं माखलेला, गळ्यात हार, मागं पंचवीस-तीस माणसं. निवडून आलेली बाई कुठं होती? घरी, ह्या लोकांच्या जेवणाचं बघत. सासरे लगबगीनं उठले, सतरंजी टाकली आणि आत बघून म्हणाले, "चहा टाका."

मी म्हटलं मी टाकते. धाकटी म्हणाली, "नगं, म्या देते." तिनं स्वतः चहा केला, ट्रेमध्ये कपबश्या मांडल्या आणि पदर सावरून बाहेर आली. कृषी केंद्रवाला सासऱ्यांच्या पाया पडला आणि म्हणाला,

"काका, गावात शब्दाचा माणूस एकच, तुमी. तीन म्हणले, तीन पडले. एक तुमचं, एक मोठ्या वैनीचं. आन् हा आमचा भाऊ!" त्यानं दिराच्या पाठीवर थाप मारली, गुलालाचा पंजा सदऱ्यावर उमटला. "सोताची बायको उभी, तरी बेल-भंडाराला जागला. सकाळी सकाळी माझ्याच गाडीवर आला मतदानाला. असा माणूस हाय का दुसऱ्या कोणाच्या घरी?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सासऱ्यांची छाती फुगली होती. दीर जमिनीकडे बघत होता. धाकटी ट्रे घेऊन एकेकाला चहा देत पुढं सरकली.

मला राहवलं नाही. दारातूनच म्हणाले, "तीन न्हाई पडले. दोन. माझं कपबशीला गेलं."

डीजे बंद केला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, आत व्हय." मी नाही गेले. म्हटलं, "मामा, दोनानंच पडली ती. आन् ती दोन मतं घरातच होती, ओट्यावर बसलीत." हिशेब करायला काही शाळा लागत नाही. एक जरी मत कपाटाकडून कपबशीकडे वळलं असतं तरी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. दोन्ही वळली असती तर तो गुलाल आमच्या दारात आमचा असता. तेवढं गणित ओट्यावरच्या पंचवीस-तीस माणसांच्या डोक्यात हळूहळू उतरताना मी बघितलं, आणि कृषी केंद्रवाला तेवढ्यात हसून म्हणाला, "जाऊ द्या वैनी, आपण समदे एकच हाओत."

दिरानं तेव्हा तोंड उघडलं. बायकोला म्हणाला, "मला काय ठाव एवढ्या थोडक्यात जाईल म्हणून? सगळे म्हणत होते तू येतच न्हाईस. म्हणलं, बाबाचा शब्द तरी राहील."

सगळं गाव एका वाक्यात बोललं. धाकटी सगळ्यांचे चहा संपेपर्यंत थांबली, एकेक कप गोळा केला, आत जाऊन सगळे घासले. मी मोरीत तिच्याशेजारी बसून रडले. ती नाही रडली.

सगळ्यांना वाटलं, ती माहेरी पुसेगावला निघून जाईल. दीर तर तिच्या भावाच्या फोनची वाट बघत धास्तावला होता. ती गेली नाही. चार-आठ दिवसांनी सासरे ओट्यावर बसलेले, दोन माणसं शेजारी, तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, मतं वाटली. आता घर वाटा."

"येडी झालीस काय?"

"जास्तीचं न्हाई मागत. परसाची बाजू द्या मला."

आमच्या परसात संडास आहे, योजनेतून बांधलेला, आत फरशी, वर टाकी. परसाच्या मागची भिंत आणि बाजारतळाची भिंत एकच. घराचं तोंड दुसऱ्या गल्लीत, त्यामुळे ही गोष्ट आम्हा घरच्यांच्याही कधी ध्यानात येत नसे. सासऱ्यांच्या मात्र लगेच आली. म्हणाले, भिंत फोडून बाजारच्या बाया परसात घेशील तर खबरदार, घरच्या माणसानं घराचं ऐकायचं असतं. धाकटी शांतपणे म्हणाली, "घरचं माणूस नाराज झालं तरी चालतं म्हणले व्हते ना तुमी? मंग मला बाहेरची धरा. बाहेरच्याला तुमी न्हाई म्हणत न्हाई."

शेजारच्या दोघांपैकी एकाला हसू आवरेना. चार लोकांत वाटणीचा बोभाटा होणार, ह्या भीतीनं सासरे मऊ पडले. आयुष्यभर कुणालाच नाराज न करण्याचा धंदा केला, तो एकदाच सुनेच्या कामी आला. गवंडी आला, भिंत फोडली, पत्र्याचं दार बसवलं. बाजारच्या दिवशी सकाळी ते दार उघडतं. सासू, जी आजवर पदर ओढण्यापलीकडे काही करत नव्हती, ती न सांगता पाण्याची टाकी भरून ठेवते. पंचायतीनं म्हणाल, तर पहिल्याच वर्षी बाजारतळाला कमान बांधली. तिच्यावर कृषी केंद्रवाल्याचं नाव आहे, आणि बायकोचं खाली, 'सौ.' लावून. मागच्या मोठ्या निवडणुकीत सासऱ्यांनी पुन्हा वाटणी केली, पण आम्हा दोघींना धरलं नाही. पाचच मतं वाटली.

परवाच्या बाजारी मी परसात कपडे वाळत घालत होते. पत्र्याच्या दारापासून संडासापर्यंत बायांची रांग लागलेली. तांड्यावरच्या भाजीवाल्या, मिरच्यावाली, मध्ये चाची. दीर बाहेरून घाईघाईनं आला, चपला भिरकावल्या आणि रांगेला वळसा घालून सरळ पुढं निघाला. धाकटी बादली घेऊन तिथंच उभी होती. ती आडवी आली.

"सर बाजूला. मला घाई हाय," तो म्हणाला.

चाचीनं पदर सावरला, मागं सरकली. "जाने दे बेटी. मर्द आदमी है, पहले जाने दे."

"न्हाई चाची," धाकटी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, आवाज न चढवता, "मतदानाला उभे व्हते ना रांगेत? तसंच उभं राहायचं."

तो मिरच्यावालीच्या मागं जाऊन उभा राहिला.